मूल निवासी शाळेत, पॉलिसी घरच्या कपाटात

कोल्हापुरातल्या ज्या घरातलं मूल पहिल्यांदा निवासी शाळेत निघालेलं असतं, तिथं मे महिन्यात याद्यांना ऊत येतो. बेडशीट किती, मोजे किती, चिवड्याचा डबा हॉस्टेलला चालतो का, कपड्यांवर नावं टाकून कोण देतं. शाळेनं पाठवलेला वैद्यकीय फॉर्म मात्र निघायच्या आदल्या रात्री भरला जातो, तोही ब्लड ग्रुप फोनवर कुणाला तरी विचारून. विम्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "शाळेचा आहे की. फीमध्येच घेतात."

ते बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. त्यातही विमा किती लाखांचा यावर घरात जेवढी चर्चा होते, तेवढी एका साध्या गोष्टीवर होत नाही. रात्री दोन वाजता दवाखान्याच्या काउंटरवर तुम्ही उभे नसणार. तिथं रेक्टर असणार, नाहीतर शाळेच्या इन्फर्मरीतल्या, म्हणजे आवारातल्या छोट्या दवाखान्यातल्या सिस्टर. त्यांच्या हातात काय आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून खालची तयारी त्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून करायची आहे, मग शाळा अतिग्रे, पन्हाळ्याची असो, पाचगणीची असो, की बेंगळुरूची.

आधी शाळेचा विमा वाचा

प्रवेशाच्या वेळी ‘मेडिकल अँड इन्शुरन्स’ अशी एक ओळ फीच्या पावतीत असते. त्या ओळीमागं तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे गट वैयक्तिक अपघात विमा. शाळांमध्ये हाच जास्त दिसतो. अपघाती मृत्यू, कायमचं अपंगत्व आणि अपघातातल्या उपचारांसाठी एक ठरावीक, बहुधा छोटी रक्कम. डेंग्यू, अपेंडिक्स, टायफॉइड, कावीळ यांचा त्याच्याशी संबंध नसतो. पोरगं फुटबॉल खेळताना पडून हात मोडला तर पैसे मिळतील. तापानं चार दिवस सलाईनवर राहिलं तर नाहीत. दुसरी म्हणजे खरा गट आरोग्य विमा, ज्यात आजारपणही येतं. तिसरी गोष्ट विमाच नसते. इन्फर्मरीचा खर्च, डॉक्टरांची आठवड्याची फेरी आणि साधी औषधं यांची ती वर्गणी असते.

शाळेला तोंडी विचारून भागत नाही. ऑफिसमधला माणूस "सगळं कव्हर आहे" असंच सांगतो. खोटं बोलावं म्हणून नव्हे, त्यानं पॉलिसी कधी उघडलेलीच नसते. ईमेल करा आणि पॉलिसी शेड्यूलची प्रत मागा. ती आली की एवढं शोधा: प्रत्येक मुलामागं रक्कम किती, संरक्षण चोवीस तास आहे की फक्त शाळेच्या आवारात, दिवाळी-मेच्या सुट्टीत घरी असताना चालतं का, दुसऱ्या गावी सामन्याला किंवा सहलीला गेल्यावर चालतं का, कॅशलेस आहे (म्हणजे कंपनी दवाखान्याला थेट पैसे देते) की आधी भरून मग मागायचं, आणि मुदत कधी संपते. पॉलिसीची मुदत शाळेच्या वर्षाशी जुळेलच असं नाही. मधेच संपत असेल तर नूतनीकरण झाल्याचं पत्र त्या महिन्यात मागून घ्यायचं.

एक गोष्ट पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. काही विद्यार्थी विम्यांमध्ये कमावत्या पालकाचा अपघाती मृत्यू झाला तर मुलाची पुढची फी भरायची तरतूद असते. ती असेल तर ही गोष्ट आई, वडील आणि घरातलं आणखी एक माणूस यांना माहीत हवी. ज्याच्या मृत्यूनंतर पैसे मिळायचे, त्याच्या एकट्याच्या डोक्यात ती असून काय उपयोग?

महाराष्ट्रातल्या शाळांतल्या पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनाही आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. मोठी फी घेणाऱ्या शाळांमध्ये तिची आठवण कुणाला होत नाही, तेवढं मुख्याध्यापकांना विचारून ठेवा.

मग तुमची स्वतःची पॉलिसी

शाळेचा विमा कसाही असो, मुलाचं नाव घरच्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या मिळून एकाच पॉलिसीत, हवंच. बहुतेक फ्लोटरमध्ये अवलंबून असलेलं मूल २५ वर्षांपर्यंत राहू शकतं. वडिलांच्या कंपनीचा गट विमा आहे म्हणून स्वतःची पॉलिसी न घेणारी मंडळी शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांपासून पुण्याच्या आयटीपर्यंत सगळीकडे आहेत. नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, आणि नेमकी तेव्हा मुलाची फी चालू असते.

नवीन पॉलिसी घेत असाल तर पहिले ३० दिवस अपघात सोडून कुठल्याही आजाराचे पैसे मिळत नाहीत. जूनमध्ये प्रवेश असेल तर पॉलिसी एप्रिलच्या आत हातात यायला हवी. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, तोवर त्यांचे पैसे मिळत नाहीत. २०२४ पासून तो जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. दमा, फिट्स, टाइप-१ मधुमेह, हृदयाचं छोटं छिद्र, लहानपणी झालेलं ऑपरेशन, जे असेल ते प्रस्तावात लिहा. एजंट म्हणतो, "नका लिहू, प्रीमियम वाढेल." प्रीमियम थोडा वाढतो हे खरं. पण इन्फर्मरीच्या फॉर्ममध्ये तुम्ही ‘लहानपणापासून दमा’ लिहिणार आणि विम्याच्या फॉर्ममध्ये ‘काही नाही’. हे दोन कागद एक दिवस एकाच टेबलावर येतात.

वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आहे. पूर्वी तो १८ टक्के होता. वाचलेल्या पैशात विम्याची रक्कम वाढवणं किंवा सुपर टॉप-अप जोडणं मला शहाणपणाचं वाटतं. सुपर टॉप-अप म्हणजे वर्षभरातला खर्च एका ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तिथून पुढं पैसे देणारी पॉलिसी. मूळ पॉलिसी ५ लाखांची आणि तेवढ्याच मर्यादेचा सुपर टॉप-अप, ही जोडणी एकदम मोठी पॉलिसी घेण्यापेक्षा सहसा स्वस्त पडते.

आता खोलीभाडं. निवासी शाळेतल्या मुलाच्या बाबतीत सगळ्यात जास्त पैसा इथं जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पॉलिसीत ‘खोलीभाडं विमा रकमेच्या १ टक्का’ असं कलम असेल आणि विमा ३ लाखांचा असेल, तर रोजची ३,००० रुपयांची खोली तुमच्या हक्काची. रेक्टर बिचारा मुलाला घेऊन धावत येतो, काउंटरवरची मुलगी विचारते "कुठली रूम देऊ?" आणि तो सांगतो "चांगली द्या." मिळते ६,००० ची. तुम्हाला वाटतं, फरकाचे रोजचे ३,००० आपण भरू, त्यात काय. पण तसं होत नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर या रकमाही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्याच मंजूर होतात. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तूंना ही कपात लागत नाही, आयसीयूलाही नाही. तरीही हात मोडून ऑपरेशन झालं असेल तर हजारो रुपये सहज खिशातून जातात. उपाय दोन. शक्य असेल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या. नसेल तर कार्डाच्या मागं ठळक अक्षरात लिहा: ‘रोज ३,००० पर्यंतचीच खोली.’ रेक्टरला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही, उलट त्याच्या डोक्यावरचा निर्णय जातो.

मूल दुसऱ्या शहरात असेल तर आणखी एक कलम शोधा. काही कंपन्या शहरांचे झोन करतात. कोल्हापूरच्या पत्त्यावर स्वस्त झोनमध्ये घेतलेल्या पॉलिसीवर मुंबई किंवा बेंगळुरूत उपचार झाले तर बिलाचा काही टक्के भाग तुमच्यावर येतो. तसंच नेटवर्क दवाखान्यांची, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या दवाखान्यांची, यादी बघताना राजारामपुरीतला आपला नेहमीचा दवाखाना त्यात आहे का हे बघून खूश होऊ नका. शाळेच्या पिनकोडवर शोधा. शाळेपासून अर्ध्या तासाच्या आत नेटवर्कमधले दोन दवाखाने सापडले पाहिजेत.

खेळांबद्दल घाबरवणारे बरेच भेटतात: "घोडेस्वारी, ट्रेकिंगचं कव्हर नसतं." आरोग्य पॉलिसीतलं साचेबंद कलम धोकादायक खेळ *व्यावसायिक* म्हणून खेळणाऱ्यांसाठी आहे. शाळेच्या पदभ्रमणात पाय मुरगळणं त्यात येत नाही. अपघात पॉलिसीतली कलमं जास्त कडक असू शकतात, ती वेगळी वाचा.

सरकारी आधारही विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता कुठल्याही रंगाच्या शिधापत्रिकेला लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण यादीतले आजार आणि यादीतले दवाखाने एवढ्यातच. त्यामुळं शिधापत्रिकेवर मुलाचं नाव आहे का ते पाहा. हॉस्टेलला गेलं म्हणून कुणी कमी करू नका. महाराष्ट्राबाहेरच्या शाळेत या योजनेचा भरवसा धरू नका.

फाईल: तीन प्रती, एकच मजकूर

एक शाळेच्या इन्फर्मरीत, एक स्थानिक पालकाकडं (शाळेजवळ राहणारे मामा, मावशी किंवा ओळखीचं कुटुंब), एक तुमच्या फोनमध्ये पीडीएफ म्हणून. आत काय असावं?

पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात: मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, ब्लड ग्रुप (लॅबच्या रिपोर्टवरून, अंदाजानं नव्हे), ॲलर्जी, रोजची औषधं मात्रेसह, आणि चार फोन नंबर. ॲलर्जी लिहिताना नेमकं लिहा. ‘काही गोळ्या चालत नाहीत’ याचा डॉक्टरांना काडीचा उपयोग नाही. गोळीचं नाव लिहा आणि काय झालं होतं तेही लिहा: अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, की नुसती मळमळ झाली.

त्यामागं विम्याचं ई-कार्ड, पॉलिसीचं पहिलं पान, मुलाचं आधार, ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्या पालकाचं आधार आणि पॅन, आणि रद्द केलेला एक चेक. या सगळ्या कागदांवर मुलाचं नाव एकाच स्पेलिंगमध्ये आहे का, हे आत्ता, दुपारी चहा पिताना तपासा. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे, आधारवर नाही, पॉलिसीत आडनाव आधी आणि ‘पाटील’चं इंग्रजी स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचं, असली भानगड आपल्याकडं घरोघरी असते. कॅशलेसच्या डेस्कवर ती निस्तरायला वेळ नसतो. कंपनीला अर्ज केला की पॉलिसीतली दुरुस्ती होते.

मग संमतीपत्र. अठराच्या आतल्या मुलाच्या ऑपरेशनला डॉक्टर पालकांची लेखी संमती मागतात. जीव वाचवण्यासाठीचे तातडीचे उपचार त्यासाठी अडवून ठेवता येत नाहीत. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे. पण अपेंडिक्सची शस्त्रक्रिया, हाड बसवणं अशा मधल्या पायरीवर दवाखाना थांबतो. शाळेच्या फॉर्मवर सही करताना बघा की तपासणी, भरती, भूल आणि शस्त्रक्रिया यांपैकी कशाची परवानगी तुम्ही कुणाला देताय. ‘फोनवर संपर्क झाला नाही तर’ ही अट स्वतःच्या हातानं घाला. आई-वडील वेगळे राहत असतील तर सही कुणाची चालेल हेही शाळेला लिहून कळवा. हा विषय नाजूक असतो म्हणून टाळला जातो आणि मग दवाखान्यात उघडा पडतो.

लसींचं कार्ड बालरोगतज्ज्ञांकडं घेऊन जा आणि ‘हॉस्टेलला निघालंय’ हे सांगून तपासून घ्या. सरकारी वेळापत्रकात गोवर-रुबेलाची लस असते, त्यात गालगुंडाची नसते. म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात सगळं वेळेवर केलेल्या मुलालाही हॉस्टेलमध्ये गालगुंड होऊ शकतं. कांजिण्यांचंही तसंच: एका खोलीत एकाला आल्या की फोड सुकून खपल्या धरेपर्यंत वेगळं ठेवावं लागतं, आणि परीक्षेच्या तोंडावर शाळा मुलाला घरी न्यायला सांगते. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसी मेसचं पाणी पिणाऱ्या मुलाला मी तरी आवर्जून द्या म्हणेन. पंचगंगेच्या काठानं राहणाऱ्यांना कावीळ नवी नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाचा डोस आहे. तो बहुतेकांचा राहिलेला असतो. मुलींसाठी एचपीव्हीचं ९ ते १४ या वयातच विचारून घ्या, तेव्हा दोन डोसांत काम होतं.

इन्फर्मरी बघायला जाता तेव्हा

भिंतींचा रंग बघू नका. रात्री तिथं कोण झोपतं ते विचारा. डॉक्टर रोज येतात की बोलावल्यावर? शाळेची गाडी रात्री चालू अवस्थेत असते का, ड्रायव्हर आवारात राहतो का? १०८ ला फोन केल्यावर गेटपर्यंत यायला किती वेळ लागतो हे सिस्टरना विचारलं की त्या खरं सांगतात. इन्सुलिन घेणारं मूल असेल तर फ्रिज आणि रात्रीच्या साखरेची तपासणी कोण करणार, हे नावानिशी ठरवा. दम्याचा पंप मुलाच्या स्वतःच्या खिशात राहिला पाहिजे. ‘सगळी औषधं इन्फर्मरीत जमा’ हा नियम पंपाला लावायचा नाही, आणि हे शाळेकडून लिहून घ्यायचं.

रात्री ॲडमिट करायची वेळ आली

रेक्टरचा फोन येतो. घाबरून गाडी काढायच्या आधी तीन फोन तुम्ही करायचे आहेत, आणि ते गाडीतूनही होतात.

विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या नंबरवर कळवा. टीपीए म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी संस्था. नंबर कार्डावर असतो. बहुतेक पॉलिसींत तातडीच्या भरतीनंतर २४ तासांत कळवायची अट असते. दुसरा फोन दवाखान्याच्या कॅशलेस डेस्कला: कार्ड पाठवलंय, पाहिलं का? तिसरा स्थानिक पालकाला. डिपॉझिट तेच भरू शकतात. कॅशलेस असलं तरी दवाखाना सुरुवातीला काही रक्कम मागतो. तिची पावती ठेवायची आणि डिस्चार्जच्या वेळी परत मागायची.

आता तो कॅशलेसचा फॉर्म. अर्धा भाग रुग्णाच्या बाजूनं भरायचा, अर्धा डॉक्टर भरतात. डॉक्टरांच्या भागात तक्रार काय, ती कधीपासून, आधीचे आजार कोणते आणि कधीपासून असे रकाने असतात. क्लेम अडकतो तो इथं. ताप दोन दिवसांचा आणि घाईत लिहिलेला ‘दिवस’ वाचणाऱ्याला ‘महिने’ वाटतो. किंवा रेक्टर प्रेमापोटी डॉक्टरांना सांगतात, "याला नेहमीच पोटात दुखतं हो." ते ‘नेहमीच’ केसपेपरवर उतरतं आणि कंपनीची क्वेरी येते: हा आजार पॉलिसीच्या आधीपासून होता का? म्हणून डॉक्टरांशी फोनवर तुम्ही स्वतः बोला, नेमक्या तारखा सांगा, आणि फॉर्म पाठवण्याआधी त्याचा फोटो मागा. अपघात असेल तर कुठं, कसा, किती वाजता हेही त्यात येतं. भांडणात मार लागला, गच्चीवरून पडलं, गाडीनं धडक दिली, तर दवाखाना पोलिसांना कळवतो. शाळेला ते आवडत नाही आणि "जिन्यात घसरला असं लिहूया" अशी सूचना येऊ शकते. तसं लिहू देऊ नका. तुमचं पोरगं, तुमचा क्लेम, आणि खोटं सापडलं तर पैसेही तुमच्याच खिशातून.

नियमाप्रमाणं कॅशलेसची विनंती पोचल्यावर एका तासात आणि डिस्चार्जची विनंती पोचल्यावर तीन तासांत कंपनीनं निर्णय द्यायचा असतो. हे विमा नियामकाचं २०२४ चं परिपत्रक आहे. दवाखान्यानं कागद उशिरा पाठवले तर घड्याळही उशिरा सुरू होतं, तेव्हा डेस्कवर "पाठवलं किती वाजता?" हे विचारत राहा.

दवाखाना नेटवर्कमध्ये नसेल तरी सगळं संपलेलं नसतं. जानेवारी २०२४ पासून विमा कंपन्यांनी ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ सुरू केलं आहे: तातडीच्या भरतीत ४८ तासांच्या आत कळवायचं, आणि दवाखान्यानं तयारी दाखवायला हवी. ती तयारी छोटे दवाखाने सहसा दाखवत नाहीत. मग आधी भरा, नंतर मागा.

त्या मार्गानं जायचं तर घरी येण्याआधी फाईल पूर्ण करून घ्या: डिस्चार्ज समरी, फायनल बिल तपशिलासह, पैसे भरल्याची पावती, सगळे रिपोर्ट, औषधांची बिलं आणि त्यांची चिठ्ठी, एक्स-रेच्या फिल्म, प्लेट किंवा स्क्रू बसवला असेल तर त्याचा स्टिकर. बिलं मुलाच्या नावानं हवीत. शाळेच्या नावानं निघालेलं बिल तुमच्या पॉलिसीत चालवायला फार त्रास होतो. भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही मिळतो, बऱ्याच पॉलिसींत आधीचे ३० आणि नंतरचे ६० दिवस. शाळेजवळच्या मेडिकलमधून रेक्टरनं आणलेल्या गोळ्यांची बिलं म्हणूनच जपायची. शाळेचा अपघात विमाही असेल तर एका कंपनीकडून क्लेम मिटल्यावर तिचं पत्र आणि बिलांच्या प्रमाणित प्रती घेऊन उरलेल्या खर्चासाठी दुसरीकडं जाता येतं.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या, कुठलं कलम लावलं ते बघा आणि कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. तिथं महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालांकडं जा. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वरही तक्रार नोंदवता येते.

पाऊस, ऊस आणि साप

आपल्या भागातल्या शाळांची आवारं बहुतेक उसाच्या कडेला आहेत. सर्पदंशाचा प्रश्न शाळेला थेट विचारा. प्रतिविष कुठं आहे, किती वेळात पोचता येतं? जिल्ह्याच्या ठिकाणी सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं. दोरी आवळून बांधायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. अवयव स्थिर ठेवायचा, वेळ लिहून ठेवायची आणि निघायचं. मण्यार झोपेत चावते आणि खूण दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड होतायत अशी तक्रार पावसाळ्यात आली तर ‘अभ्यास टाळतोय’ म्हणून इन्फर्मरीत झोपवून ठेवणं महागात पडतं.

कुत्रं चावलं तर साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लस. हा ओपीडीचा खर्च, बऱ्याच पॉलिसी तो देत नाहीत. सरकारी दवाखान्यात लस मोफत आहे.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. शाळा नदीच्या पलीकडं आणि तुमच्या यादीतले दोन्ही दवाखाने शहरात असतील तर ती यादी जुलै-ऑगस्टमध्ये बिनकामाची. पलीकडच्या बाजूचा एक दवाखाना, इचलकरंजी किंवा मिरजेकडचा, जिथं रस्ता चालू राहतो असा, शाळेशी बोलून ठरवा. रोजच्या औषधांचा किमान महिन्याचा साठा जूनमध्येच इन्फर्मरीत द्या.

मनाचं

पहिल्या सत्रात घरची ओढ, झोप न लागणं, जेवण सुटणं हे बऱ्याच मुलांना होतं. समुपदेशक पूर्णवेळ आहे का आणि मूल त्याच्याशी काय बोललं हे रेक्टरला कळतं का, हे दोन प्रश्न विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्याच बरोबरीनं धरायला लावले आहेत. पण हे भरती झाल्यावरचं. समुपदेशनाची फी ओपीडीत जाते. ‘टेली-मानस’ची १४४१६ आणि चाइल्डलाइनची १०९८ या दोन्ही मोफत हेल्पलाइन मुलाला पाठ असू द्या.

आई-बाबा दुबईत, किंवा मूल परदेशात

आखातात नोकरी आणि मूल इकडं निवासी शाळेत, अशी घरं आपल्याकडं कमी नाहीत. तिकडच्या पॉलिसीत भारतातले उपचार येतात का, आले तर फक्त परत मिळण्याच्या मार्गानं का, हे बघा. बहुधा मुलाच्या नावानं इथली वेगळी पॉलिसी घेणंच सोपं. आजी-आजोबा इचलकरंजीत असतील तर स्थानिक पालक म्हणून त्यांची नावं शाळेत द्या, पण रात्री दवाखान्यात धावायला त्यांच्या जोडीला एक तरुण माणूसही नोंदवा.

उलट दिशेला, ब्रिटनच्या बोर्डिंग शाळेत जाणाऱ्या मुलाला व्हिसासोबतच आरोग्य अधिभार भरावा लागतो. सध्या तो वर्षाला ७७६ पौंड आहे आणि व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा एकदम घेतात. त्यावर तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळते आणि शाळा मुलाची डॉक्टरकडं नोंदणी करते. सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र लागतं, तेही त्यांनी मान्य केलेल्या केंद्राचं. गल्लीतल्या लॅबचा एक्स-रे चालत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा स्वतःची योजना घ्या किंवा तिच्या तोडीची दाखवा असं म्हणतात. तिथं इथल्या प्रवास विम्यावर अवलंबून राहू नका. तो तातडीपुरता असतो, वर्षभराच्या उपचारांसाठी नाही. नेहमीची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी पत्रासह न्या, औषधाचं ब्रँडचं नाव नको, घटकाचं लिहा.

मूल बाहेर गेलं म्हणून घरच्या फ्लोटरमधून त्याचं नाव काढू नका. थोडा प्रीमियम वाचतो, पण सुट्टीत आलेलं मूल उघड्यावर पडतं आणि परत नाव घालताना प्रतीक्षा कालावधी पहिल्यापासून सुरू होतो. कंपनी बदलायची असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी पोर्टेबिलिटीचा अर्ज करा, म्हणजे भरलेली वर्षं वाया जात नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आलं की दात आणि डोळे दाखवून घ्या. चष्मा आणि दातांच्या तारा सहसा विम्यात येत नाहीत. त्याच सुट्टीत फाईलचं पहिलं पान नवीन छापा, वजन बदललेलं असतं आणि औषधाची मात्रा वजनावर ठरते. नवं ई-कार्ड जुन्याच्या जागी लावा, जुनं फाडून टाका. अठरा पूर्ण झाली की संमतीची सही मुलाची स्वतःची लागते, तेव्हा अकरावी-बारावीतल्या मुलाला ही फाईल एकदा शेजारी बसवून वाचून दाखवा, आणि कार्ड त्याच्या फोनमध्येही ठेवा.